श्रीपूरच्या वरचा माळ

सहलीची गोष्ट निघाली कीं आपल्या शहरी मनापुढें महाबळेश्वर तरी उभें राहतें, नाहीं तर माथेरान. सोलापूर जिल्ह्याचें नांव अशा वेळीं कोणी घेत नाहीं. आणि घेतलेंच, तर पंढरपूर, अक्कलकोट हीं देवदर्शनाचीं स्थळें तेवढीं आठवतात. या जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत, अकलूजहून पंढरपुराकडे जातांना, श्रीपूर नांवाचें गांव लागतें. त्याच्या आसपास ना गड, ना लेणें, ना धबधबा. अशा गांवाभोंवतीं पायीं हिंडण्याविषयीं मी आज बोलणार आहें. तेव्हां आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. मी तेथें हौसेनें हिंडलों नाहीं, डॉक्टरांच्या आज्ञेनें हिंडलों.

छातीच्या दुखण्यांतून उठल्यावर, "रोज तास-दीड तास सपाट जमिनीवर चाला, चढाच्या वाटेस जाऊं नका," असें मला बजावण्यांत आलें. पुण्यांत सपाट जमीन पुष्कळ आहे. तिच्यावर चालण्यास जागा तेवढी नाहीं. माझी थोरली बहीण श्रीपुरास असते. तिनें कळविलें, "इकडे ये. इथें चढ औषधालासुद्धां मिळायचा नाहीं." त्याप्रमाणें कार्तिकांत मी तेथें गेलों, तो ज्येष्ठ सरत येईपर्यंत राहिलों. अक्का मला रोज हसत असे. तुकोबारायांची पालखी दर आषाढांत अकलूज, माळीनगर करीत याच वाटेनें बोरगांवच्या मुक्कामास जाते. माळीनगरास उभें रिंगण होतें. "देहूपासून म्हातारीकोतारीं माणसें आमच्या दारावरून चालत जातात, आणि तुला चालायला डॉक्टरची चिठ्ठी लागते!" या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, अजूनही नाहीं.

श्रीपूर हें जुनें गांव नव्हे. चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ सालीं बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या साखर कारखान्याभोंवतीं हें गांव वसत गेलें. शेजारच्या माळीनगरांत सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालींच आपला कारखाना काढला होता. दोन्ही कारखाने या कोरड्या मुलखांत कां आले, याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : कालवा. नीरेचा उजवा कालवा भोरजवळच्या भाटघर धरणाचें पाणी घेऊन फलटणवरून माळशिरसच्या रानांत उतरला, आणि जेथें बाजरी कशीबशी येत होती तेथें ऊस उभा राहिला. श्रीपूरचा कारखाना आतां पांडुरंगाच्या नांवानें सहकारी झाला आहे, आणि महाळुंग व श्रीपूर मिळून एक नगरपंचायतही झाली आहे. परंतु मुलखाची मुख्य रेघ अजून तीच आहे. कालव्याच्या खालीं, नदीकडे, हिरवा मुलूख. कालव्याच्या वर, पिंगट मुलूख. माझे सर्व फेरफटके या रेघेच्या अलीकडचे तरी होते, नाहीं तर पलीकडचे.

पहिले दोन महिने मी अलीकडेच राहिलों. कालव्याच्या फाट्याच्या भरावावरून जाणारी मळवाट दुखणेकऱ्यास फारच सोयीची. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला माणसाच्या दीडपट उंचीचा ऊस. पाण्यावर वांकलेल्या बाभळीच्या फांदीवर खंड्या ठरलेल्या जागीं बसलेला असे. त्याच्यावरून मीं घड्याळ लावावें इतका तो नेमस्त. हिंवाळा म्हणजे गळीताचा हंगाम. पहांटेच्या धुक्यांत ऊसतोडणी करणाऱ्यांच्या खोप्यांतून चुलीचा धूर निघतो, बीडकडची बोली कानांवर पडते, आणि बायका चिमुकलीं मुलें पाठीशीं बांधून फडाकडे निघालेल्या असतात. मी प्रकृतीसाठीं चालत होतों. तीं माणसें कोयता हातीं घेऊन पोटासाठीं चालत होतीं. भरावावरून जातांना हें रोज डोळ्यांपुढें येई, आणि माझ्या हातांतली काठी मला उगीच शोभेची वाटूं लागे. वारा कारखान्याकडून आला कीं मळीचा तो गोड-आंबट, डोकें धरणारा वास येतो. आठ दिवसांनीं तो येईनासा होतो. म्हणजे वास तेथेंच असतो, आपणच गांवकरी होतों.

दुसरी वाट नदीची. नीरा आणि भीमा यांचा संगम येथून फार दूर नाहीं. माळशिरसच्या बाजूस जें गांव आहे त्याचें नांवच संगम. समोर इंदापूर तालुक्याच्या टोंकाशीं नीरा-नरसिंहपूर, आणि भीमेच्या पलीकडे माढा तालुका. संगमापर्यंत गाडीनें जाऊन पुढें नदीकांठानें मनसोक्त चालतां येतें. नरसिंहपुरास लक्ष्मी-नृसिंहाचें थोरलें देऊळ उंच घाटावर आहे. प्रल्हादानें स्वतः वाळूची मूर्ति करून पूजिली, अशी तेथील कथा. घाटाच्या पायऱ्या म्हणजे माझ्या दृष्टीनें चढच. म्हणून मीं देवास खालूनच हात जोडले, आणि अर्धा तास पाण्याकडे पाहत बसलों. भीमेचें हें पाणी आतां स्वतःच्या मर्जीनें येत नाहीं. वरच्या अंगास १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. तेथून जेवढें सोडतील तेवढें खालीं येतें. त्या यशवंतसागरांत पळसदेवचें जुनें देवालय बुडालेलें आहे. पाणी फार खालीं गेलें कीं त्याचें शिखर वर येतें, आणि मग तें पाहण्यास माणसांची रीघ लागते. भिगवणच्या बाजूस हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांची कीर्ति आपण ऐकलीच असेल. मी तेथें गेलों नाहीं. ज्या ठिकाणीं जाण्यास नावेची आणि नावाड्याची आधीं बोलणी करावी लागते, तें ठिकाण माझ्या आजच्या विषयांत बसत नाहीं.

तिसऱ्या वाटेची मला मुळींच ओढ नव्हती. मकरसंक्रांतीच्या सुमारास ऊस तुटून भरावाची सावली गेली, रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, आणि चालण्यास निवांत जागा उरली नाहीं. भाचा म्हणाला, "मामा, कालव्याच्या वर सोडूं का? तिकडे काहीच नाही, पण मोकळं आहे." त्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून मी कालवा ओलांडला.

"तिकडे काहीच नाही" हें वाक्य त्याचें एकट्याचें नव्हे. सरकारी दप्तरांतसुद्धां अशा जमिनीला पडीक म्हणतात, पोटखराब म्हणतात. मोटारींतून पाहणारासही तसेंच दिसतें : पिवळें गवत, मुरूम, एखादी हिवराची नाहीं तर बोरीची झुडूप, आणि क्षितिज. मीही पहिल्या दिवशीं तेंच पाहिलें आणि अर्ध्या तासांत कंटाळलों. दुसऱ्या दिवशीं धोतराचा सोगा कुसळांनीं भरला. तीं वेंचण्याकरितां एका दगडावर बसलों, आणि बसलों म्हणून दिसूं लागलें. माझ्यापुढें दहा पावलांवर मुरमाचा एक तुकडा चालूं लागला. तो धाविक होता : तपकिरी अंगाचा, पांढऱ्या भुंवईचा, लांब पायांचा पक्षी, चार पावलें धांवायचें, थबकायचें, वांकून किडा टिपायचा, पुन्हां धांवायचें. तो थांबला कीं दिसेनासा होई. त्यानंतर एक चंडोल गवतांतून सरळ वर चढला आणि गात गात तसाच खालीं उतरला. संध्याकाळीं भोवत्या आले. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून हिंवाळ्यापुरते येतात, गवतावरून हातभर उंचीनें तरंगत नाकतोडे टिपतात, आणि झाडावर नव्हे तर गवतांतच जमिनीवर रात्र काढतात. या मुलखांत पाऊस वर्षाकांठीं सरासरी वीस-बावीस इंचांच्या आसपास, कातळावर मुरमाचा पातळ थर, माती वीतभर. एवढ्या गरिबींत झाड तग धरीत नाहीं, गवत धरतें. आणि जें काय या माळावर जगतें तें सारें गवताच्या उंचीचें असतें. तें पाहण्यास मान वर करून चालत नाहीं, खालीं बसावें लागतें.

माळाच्या एका खोलगट भागांत पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर दुष्काळी कामें निघालीं, माणसांनीं डोक्यावर माती वाहून बांध घातले, त्या पिढीचा हा तलाव. त्यांतलें पाणी कोणी पाटानें नेत नाहीं; तें जमिनींत मुरून खालच्या विहिरींना मिळावें एवढाच त्याचा हेतु. उजनीपुढें तो म्हणजे समुद्रापुढें ओंजळ. परंतु पौषांत त्याच्या कांठीं मीं चक्रवाकाची जोडी पाहिली, चिखलांत खोकडाचीं पावलें पाहिलीं, आणि दुपारीं मेंढरें पाण्यावर आलीं म्हणजे तेथेंच माझी एका धनगराशीं ओळख झाली. सत्तरीचा माणूस, खांद्यावर काळें घोंगडें, हातांत काठी. मी शिकवीत होतों हें कळल्यावर त्यानें मला गुरुजी करून टाकलें.

माळाविषयीं मला जें थोडें समजलें आहे तें बहुतेक त्याच्याकडून. कोणतें गवत मेंढरू आधीं तोडतें, कोणतें शेवटीं. मारवेल कोठें उगवतो, पवन्या कोठें. कुसळी पिकली कीं लोकरींत शिरून कातडीपर्यंत कशी जाते. सुगी झाल्यावर शेतकरी त्याचीं मेंढरें रात्रीं आपल्या रानांत बसवून घेतात आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतात. म्हणजे कालव्याखालच्या हिरव्या रानाच्या खताचा कांहीं वांटा या वरच्या पडीकांतून जातो. दप्तरांत त्याची नोंद नाहीं. लांडग्याविषयीं मीं विचारलें, तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गेल्या साली दोन कोकरं नेली त्यानं. पण गुरुजी, लांडगा गेला तर समजायचं माळ गेला. मग आमी तरी कुठं ऱ्हातो?" त्याच्या बोलण्यांत कोरडी हिशेबी समज होती, गहिंवर नव्हता. खालून उपशाचे पाईप वर येऊं लागले आहेत, माळाचे तुकडे नांगरले जात आहेत, कोठें दगडाच्या खाणी, कोठें तारेचीं कुंपणें. "पूर्वी मेंढरं घेऊन निघालो की दिवस मावळंपर्यंत कुणाला इचारायला लागत नव्हतं. आता दर फर्लांगाला राम राम घालायचा."

याच जिल्ह्यांत, सोलापूरजवळ नान्नज येथें, माळढोक पक्ष्याचें अभयारण्य आहे. १९७९ सालीं तें जाहीर झालें तेव्हां त्याचा विस्तार जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होता. त्यांत गांवेंच्या गांवें आणि शहरेंही आलीं. लोकांची अडचण झाली, वाद झाले, आणि पुढें तें १,२०० चौरस किलोमीटरांच्या आसपास आणण्यांत आलें. गवताळ माळावर मधल्या काळांत ग्लिरिसिडियासारखीं झाडेंही लावण्यांत आलीं. झाड लावणें हें सदैव पुण्यच, अशी आपली समजूत. परंतु ज्या पक्ष्याला लांबवर पाहतां आल्याखेरीज सुरक्षित वाटत नाहीं, त्याच्या दृष्टीनें तें घरांत भिंत घालण्यासारखें झालें. आज साऱ्या भारतांत माळढोक दीडशेंच्या आसपास उरले असावेत, आणि तेही बहुतेक राजस्थानांत. नान्नजला त्याचें दर्शन क्वचित् होतें. तो एका वेळीं बहुधा एकच अंडें घालतो, आणि तेंही उघड्या जमिनीवर. श्रीपूरच्या माळावर मीं माळढोक पाहिला नाहीं. धनगरानें लहानपणीं पाहिला होता. तो त्याची उंची काठीवर बोट ठेवून दाखवी.

आतां मला माझ्या हातून झालेली गोष्ट सांगितली पाहिजे.

चैत्र संपत आला होता. तलाव आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. एका सकाळीं माळावर एक माळटिटवी माझ्यापुढून उठली आणि कांहीं अंतरावर जाऊन उगीच इकडे-तिकडे करूं लागली. ती ज्या जागेवरून उठली ती जागा मीं निरखून पाहिली, आणि माझ्या पायापासून तीन हातांवर चार अंडीं दिसलीं. घरटें असें नव्हतेंच. मुरमांत एक खळगी, भोंवतीं बारीक खडे, आणि अंड्यांवर मुरमाचेच ठिपके. डोळा क्षणभर हलला कीं तीं पुन्हां हरवत. मला काय आनंद झाला म्हणून सांगूं! सहा महिन्यांपूर्वीं अतिदक्षता विभागांत छताकडे पाहत पडलेला माणूस मी. मला वाटलें, हें आपल्यालाच दाखविलें गेलें आहे. जागा पुन्हां सांपडावी म्हणून मीं दोन पावलांवर दगडांची एक लहानशी रास केली. संध्याकाळीं भाच्याचीं मुलें, शेजारचीं मुलें, त्यांच्या हौशी आया, असे आठ-नऊ जण घेऊन मी तेथें गेलों. सर्वांनीं अंडीं पाहिलीं. कोणीं हात लावला नाहीं. मीं लावूं दिला नाहीं. त्या वीस मिनिटांत टिटवी लांबून सारखी ओरडत होती, आणि मी मुलांना तिच्या अंड्यांच्या रंगाविषयीं व्याख्यान देत होतों.

दुसऱ्या दिवशीं खळगी रिकामी होती. एका कवचाचा तुकडा तेवढा पडला होता.

धनगर मेंढरें घेऊन आला. मीं त्याला सर्व सांगितलें. त्यानें काठीनें माझी दगडांची रास मोडली आणि म्हणाला, "गुरुजी, खूण तुमी माणसांसाठी केली. कावळ्याला बी तीच खूण कळती. नऊ माणसं एका जागी वांकून बघत्यात म्हणल्यावर त्यो बघायला येणारच की." मी म्हणालों, आम्हीं कोणीं हातसुद्धां लावला नाहीं. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. त्याचे लोक या माळावर पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले आहेत. टिटवी ओरडूं लागली कीं तो आपलीं मेंढरें वळवून दुसऱ्या अंगानें काढतो, हें मीं नंतर पुष्कळदां पाहिलें. मेंढ्यांचा एवढा कळप जेथून अंडें न फोडतां जातो, तेथें मी एक निवृत्त शिक्षक शिरलों आणि घात करून आलों.

त्यानंतर चार दिवस मी माळावर गेलों नाहीं. अक्कानें कारण विचारलें, तेव्हां छातींत जरा जड वाटतें असें सांगितलें. तें अगदींच खोटें नव्हतें.

आपणांपैकीं कोणी त्या बाजूस गेलाच, तर दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतों. माळावर जाण्याचे उत्तम दिवस दसऱ्यापासून होळीपर्यंत. एरवीं सकाळीं नऊनंतर ऊन सोसत नाहीं. पाणी बरोबर न्यावें; पाझर तलावाचें पिऊं नये. धोतर किंवा पायजमा कुसळांस प्रिय असतो, जाड कापडाची विजार बरी. बोरीखालीं बसण्यापूर्वीं काठीनें गवत हलवून घ्यावें. फुरसें याच रंगाचें असतें. पायवाटेनें चालावें, कारण ती मेंढरांनीं पाडलेली असते आणि मेंढरांना जागेची समज असते. फाल्गुनापासून पावसाळ्यापर्यंत जमिनीवर अंडीं असतात. त्या दिवसांत कोणी पक्षी पुढें येऊन आरडाओरड करूं लागला, तर कुतूहल आवरून आल्या पावलीं मागें फिरावें. वेळापूरचें अर्धनारीनटेश्वराचें यादवकालीन देऊळ याच तालुक्यांत आहे. माळावर ऊन चढलें कीं तेथील सभामंडपाचा थंडावा फार सुखाचा वाटतो. त्या देवळावर स्वतंत्र बोलावें लागेल, तें आज नाहीं.

पांचव्या दिवशीं मी पुन्हां गेलों. डॉक्टरांची आज्ञा होतीच. वैशाखभर रोज गेलों, पण पायवाट सोडली नाहीं. दगडावर बसायचें, जें समोर येईल तें पाहायचें. धनगर दुपारीं येई. आम्ही दोघे एकाच हिवराच्या विरळ सावलींत बसत असूं. त्यानें तो विषय पुन्हां काढला नाहीं. ज्येष्ठाच्या आरंभीं वळवाच्या दोन सरी पडल्या, आणि मुरमाला तो ओला वास आला. निघण्याच्या आदल्या दिवशीं धनगर बोलतां बोलतां थांबला आणि त्यानें हनुवटीनें एका दिशेला खूण केली. हात वर केला नाहीं, काठी उचलली नाहीं. बऱ्याच दूर, उघड्या जमिनीवर, एक टिटवी अंग फुगवून बसली होती. बसण्याची तिची ती तऱ्हा आतां मला ओळखूं येत होती. तीच ती होती कीं दुसरी, कोण जाणे. पहिलीं अंडीं गेलीं तर टिटवी पुन्हां घालते.

आम्ही तेथून उठलों नाहीं. घरीं आल्यावर अक्का म्हणाली, "आज काय पाहिलंस?" मी म्हणालों, "काहीच नाहीं. मोकळं आहे." आणि श्रोतेहो, मीं आपणांसही तो माळ नक्की कोठें, कोणत्या फाट्याच्या वर, हें सांगितलेलें नाहीं.